सरकारी बाकावरचा सर्जेराव

सर्जेराव काटकर हा आमच्या कॉलेजातला एकमेव विद्यार्थी, ज्याने जवळजवळ वर्षभर अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार एकट्याने पाहिला. तो त्या पदावर कसा चढला याच्या पुढे बऱ्याच दंतकथा झाल्या. पण मी तिथे होतो, म्हणून सांगतो. त्याला पाय पसरायला जागा हवी होती, एवढेच.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षीची ही सांगलीतली गोष्ट. मी साताऱ्याहून शिकायला आलो होतो आणि कॉलेजच्या बोर्डिंगात राहत होतो. तिथेच आम्ही काही जणांनी राजकारण मंडळ काढले. त्या काळी मिसरूड फुटले की मुलगा एक तर कविता करी, नाही तर मंडळ काढी. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कविता साभार परत आलेल्या होत्या.

प्रिन्सिपॉलसाहेब सावध गृहस्थ. ते म्हणाले, "नुसती भाषणे चालणार नाहीत. भाषणे म्हणजे सभा, आणि सभा म्हणजे पोलीस. तुम्ही लुटुपुटीचे पार्लमेंट भरवा. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधक. विरोधकांनी विचारावे, सरकारने उत्तर द्यावे. मग त्याला मी शिक्षण म्हणेन. ज्या दिवशी सरकारचे बाक रिकामे दिसेल, त्या दिवशी तुमचे मंडळ बंद."

अट आम्हाला फारच सोपी वाटली. शनिवारी दुपारी इतिहासाच्या वर्गात पहिली बैठक भरली. उजवीकडची बाके सरकारची, डावीकडची विरोधकांची, आणि मधे खुर्चीवर सभापती म्हणून आमचे इतिहासाचे सर. त्यांना आम्ही तहनामे सर म्हणत असू, कारण कोणताही धडा ते कुठल्या तरी तहावर आणून संपवत. सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि पाहतात तो सगळे मंडळ डावीकडे! एकेका बाकावर मांडीला मांडी लावून पोरे बसलेली, काही खिडकीत चढलेली. उजवीकडे शुकशुकाट. इंग्रजाचे सरकार व्हायला कोण तयार होणार? त्या दिवसांत तशी नुसती कल्पना करणेही पाप होते. सरांनी विनवले, रागावले, शेवटी एका तहाचा दाखलाही दिला. कोणी हलेना.

तेवढ्यात व्हरांड्यात वहाणा करकरल्या. सर्जेराव उशिरा येत होता. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूच्या एका गावाचा. उंचीला दाराच्या चौकटीला लागेल असा, अंगात बारा महिने काळा कोट, पायांत गावच्या चांभाराने केलेल्या दणकट वहाणा. त्या वहाणा इतक्या वाजत की तो आंघोळीला निघाला तरी सगळ्या बोर्डिंगाला कळे. बाजारात कोणाचे तरी बैल बघत तो रमला होता, म्हणून त्याला उशीर झालेला. दारात उभे राहून त्याने डावीकडची चेंगराचेंगरी पाहिली, उजवीकडची मोकळी बाके पाहिली, आणि सरळ जाऊन पहिल्या बाकावर पाय पसरून बसला.

सर आनंदाने उठून उभे राहिले. "काटकर, तुम्ही सरकार का?"

"जागा हाय म्हनून बसलो, सर."

"बसा, बसा! आता उठू नका!"

सर्जेराव उठला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. आपण काय होऊन बसलो आहोत हे त्याला कळले तेव्हा त्याने डोके खाजवले, कोटाच्या खिशातून शेंगा काढल्या आणि मला म्हणाला, "आता मी उठलो तर मंडळ बंद पडंल. हुतूतूत समोर कोनच न्हाई म्हनल्यावर दम कुनावर घालायचा? डाव मोडायचा न्हाई, गड्या."

हे त्याचे लाडके वाक्य होते. बोर्डिंगात पत्त्याच्या डावाला एक हात कमी पडला, भजनाला झांज वाजवणारा मिळाला नाही, आजाऱ्याजवळ बसायला कोणी नाही, की सर्जेराव हजर. मंडळातही तसेच झाले.

विरोधी पक्षाचा पुढारी मुकुंद सोमण. अंगाने काडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज मात्र तीन माणसांचा. घरी आरशासमोर उभा राहून तो सरकारला जाब विचारण्याचा सराव करी, त्यामुळे त्याच्या घरचा आरसा त्याला वचकून असावा. पहिल्याच प्रश्नाला त्याने टेबलावर मूठ आपटली. "हे जुलमी सरकार हा देश कधी सोडणार?"

सर्जेराव सावकाश उठला. कोटाची बटणे वरपासून खालपर्यंत लावली. तोंडातली शेंग संपवली.

"अर्ज दिलाय का?" त्याने विचारले.

"कसला अर्ज?"

"देश सोडावा म्हनून."

"ही कोट्यवधी जनतेची तोंडी मागणी आहे!"

"तोंडी चालत न्हाई. अर्ज करा, तिकीट लावा, रावसायबांकडं द्या."

"रावसाहेब कुठे आहेत?"

"फिरतीवर."

"कधी परत येतील?"

"सांगता येत न्हाई. उद्या येऊन बगा."

"उद्या रविवार आहे!" मुकुंद किंचाळला.

"मग परवा या," असे म्हणून सर्जेराव खाली बसला आणि त्याने नवी शेंग फोडली. विरोधी पक्ष पोट धरून हसत होता, सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मुकुंद एकटा उभा राहून थरथरत होता. सरकार म्हणजे काय हे सर्जेरावाला पुस्तकात वाचावे लागले नव्हते. वडिलांचा विहिरीचा काही अर्ज मामलेदार कचेरीत पडून होता, आणि वडिलांचे बोट धरून त्याने अर्धे बालपण त्या कचेरीच्या पायऱ्यांवर काढले होते. कारकून मान वर न करता कसा बोलतो, पान खाता खाता 'बगू' कसे म्हणतो, हे सगळे त्याला पाठ होते. त्यात तो स्वतःच्या पदरचे एक अक्षर घालत नसे.

मुकुंदाला वाटले, यावर एकच उपाय, सत्याग्रह. पुढच्या शनिवारी त्याने भर बैठकीत घोषणा दिल्या आणि 'मला अटक करा' असे सरकारला आव्हान दिले. सर्जेरावाने त्याला खांद्याला धरून शांतपणे बाहेर नेले आणि बोर्डिंगच्या खानावळीच्या कोठीत कोंडून कडी लावली. आता खानावळीची एक गोष्ट सांगायला हवी. सभापतींना घंटा हवी म्हणून आम्ही खानावळीचीच घंटा मागून आणत असू. त्यामुळे सरांनी गोंधळ थांबवायला घंटा वाजवली की पलीकडे बोर्डिंगातली पोरे ताटे घेऊन धावत सुटत. त्या दिवशी गोंधळ मोठा, म्हणून घंटाही फार वाजली, सभागृहालाही भूक लागली, आणि सगळे पांगले. तुरुंगातल्या कैद्याची आठवण जेवणे उरकल्यावर झाली.

कडी काढली तेव्हा देशभक्त मुकुंद पोत्यावर बसून गूळ आणि शेंगदाणे खात होता. त्याने अर्धी ढेप संपवली होती. बाहेर येताना त्याच्या चेहऱ्यावर हौतात्म्याचे तेज होते आणि हनुवटीवर गूळ.

पुढच्या शनिवारी सगळ्या विरोधी पक्षाने एकसाथ सत्याग्रह केला. जो तो सर्जेरावापुढे जाऊन म्हणे, "मला पकड!" सर्जेराव बाकावरून न उठता म्हणाला, "तुरुंगात जागा न्हाई. रांगेत हुबं ऱ्हावा." तोवर कोठीला खानावळवाल्याने भले मोठे कुलूप घातले होते. सत्याग्रह तिथेच थंडावला.

असे आमचे मजेत चालले होते. पण या गमतीत सर्जेरावाचे सगळे आयुष्य अडकणार होते, याची कोणालाच कल्पना नव्हती.

त्याचे लग्न ठरले होते. मुलगी कृष्णाकाठची, नाव हिरा. कृष्णाकाठच्या लोकांची जमीन काळी, मळे उसाचे, दारात पाण्याचा पाट. माणात मुलगी द्यायची म्हटले की ते लोक कानावर हात ठेवत, कारण तिथे उन्हाळ्यात बायकांचा जन्म डोक्यावर घागर घेऊन चालण्यात जाई. पण हिराच्या वडिलांना, तात्यांना, कॉलेजात शिकणारा जावई हवा होता. त्यांनी मन घट्ट करून सुपारी फोडली. सर्जेरावाने हिराला एकदाच पाहिले होते. कशी आहे म्हणून विचारले तर म्हणाला, "नजर खाली घातली न्हाई तिनं. मीच घातली." एवढे सांगून तो कानापर्यंत लाल झाला. हे लग्न मोडले तर आपण जगणार नाही असे तो बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो रोज दाढी करू लागला. बोर्डिंगात सगळे समजले.

तात्यांच्या गावचा एक शेतकरी हळद विकायला सांगलीच्या पेठेत आला होता. कॉलेजवरून जाताना आरडाओरडा ऐकून त्याने खिडकीतून डोकावले. आत त्याने काय पाहिले? तात्यांचा होणारा जावई एकटा एका बाजूला बसून "सरकार माघार घेनार न्हाई" म्हणतो आहे, आणि समोरची सगळी पोरे त्याच्याकडे बोट करून "चले जाव, चले जाव" ओरडत आहेत. त्या बिचाऱ्याने हळद विकली, गावी गेला आणि जे पाहिले तेच तात्यांना सांगितले. जावई साहेबाला फितूर झालाय आणि सांगलीतली पोरं त्याला हाकलायला निघालीत!

तात्या म्हणजे साधे प्रकरण नव्हते. बेचाळीस साली त्यांनी कचेरीवर मोर्चा नेला होता आणि तुरुंग भोगला होता. गावावर सामुदायिक दंड बसला तेव्हा त्यांनी तो भरायला साफ नकार दिला, म्हणून त्यांचे बैल जप्त होऊन लिलावात गेले. हरण्या आणि पाखऱ्या. त्या बैलांचे नाव निघाले की तात्या जेवत्या ताटावरून उठत. अशा माणसाचा जावई सरकार झाला!

तात्या येणार असल्याचा सांगावा आला आणि आमची धांदल उडाली. मी म्हटले, या शनिवारी दुसरे कोणी सरकार व्हा. सगळे खिडकीबाहेर बघू लागले. मुकुंद म्हणाला, "मी तुरुंगात जाईन, फासावर जाईन, पण त्या बाकावर बसणार नाही." तुरुंगात तो का जाईल हे सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी असे ठरले की सर्जेरावानेच बसावे, पण विरोधकांनी त्या दिवशी फार बोचरे प्रश्न विचारू नयेत.

तात्या आले. पांढरा फेटा, झुपकेदार मिशा, हातात काठी. मागच्या बाकावर बसले आणि काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी धरली. सर्जेरावाने त्यांना पाहिले मात्र, त्याच्या कोटाचे बटण त्याला लागेना.

मुकुंद उठला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, "सन्माननीय सरकारची प्रकृती कशी आहे?"

"बरी हाय."

"सरकारचे जेवण झाले का?"

"झालं."

"काय होते?"

"पिठलं."

विरोधी पक्षाने टाळ्या वाजवल्या. तात्यांच्या मिशा थरथरू लागल्या होत्या. सरकारशी इतके गोडीने बोलणारी पोरे त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचा संशय उलट पक्का झाला, सगळे कॉलेजच फितूर आहे! ते ताडकन उठले आणि काठी रोखून गरजले, "ए सर्जेराव! ऊठ तितनं!"

सर घंटा वाजवत म्हणाले, "पाहुण्यांना सभागृहात बोलता येत नाही."

"मी पाव्हना न्हाई, सासरा हाय!" तात्या म्हणाले. तिकडे बोर्डिंगात घंटा ऐकून पोरे ताटे घेऊन धावली.

शेवटी सर्जेराव त्यांना बाहेर कडुलिंबाखाली घेऊन गेला. मीही मागोमाग गेलो, मारामारी झाली तर सोडवायला. होणाऱ्या सासऱ्याला तो मामा म्हणे. "मामा, हे समदं लुटुपुटीचं हाय," तो कळवळून म्हणाला.

"लुटुपुटीचं? माजं बैल नेलं ते काय लुटुपुटीचं हुतं?"

"पर मी उठलो तर मंडळ बंद पडंल. दुसरं कोन बसाय तयार न्हाई."

"का न्हाई? त्यास्नी लाज हाय म्हनून! तुला न्हाई म्हनून तू बसलास!" तात्यांनी काठी जमिनीवर आपटली. "ज्या दिशी त्या बाकड्यावरनं उठशील, त्या दिशी सांगावा धाड. तवर हळद लागायची न्हाई."

तात्या गेले. सर्जेराव बराच वेळ लिंबाला टेकून उभा होता. आता हा उठणार असे मला वाटले, आणि उठला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण पुढच्या शनिवारी व्हरांड्यात वहाणा करकरल्या, आणि तो येऊन उजवीकडे बसला. त्याच्या खिशात शेंगा नव्हत्या. लग्नसराई आली, सनई-चौघडे वाजले, आणि गेलीही. सरकार दर आठवड्याला बारीक होत चालले. आम्ही तोवर इतके हळवे झालो होतो की "चले जाव" म्हणताना आमचाच आवाज फुटेना. मुकुंदसुद्धा एकदा विचारून गेला, "सरकार, थोडे दूध घेता का?"

सर्जेरावाची सुटका शेवटी देशाबरोबरच झाली. पंधरा ऑगस्टच्या आनंदात आम्ही तीन दिवस झोपलो नाही. सर्जेरावाने तर रस्त्यावर नाचून वहाणा फाडल्या. दमून खाली बसला तेव्हा म्हणाला, "आता त्या बाकावर कोन बी बसंल. मामांना सांगावा धाडतो." आणि त्याने लगोलग एका माणसाबरोबर निरोप पाठवला की येत्या शनिवारी मी सरकारी बाक सोडतो आहे, स्वतः येऊन बघा.

त्या शनिवारी मी वेळेवर पोहोचलो तरी मला जागा मिळाली नाही. सगळे मंडळ उजवीकडे! आता सरकार आपले होते, मग डावीकडे कोण बसणार? मुकुंद पंतप्रधान झाला होता. बाकीचे सगळे मंत्री. ज्यांना खाती मिळाली नाहीत ते बिनखात्याचे मंत्री, आणि ज्यांना बाकही मिळाले नाही ते उपमंत्री. मी उपमंत्री होतो. म्हणून मला मागच्या बाकावर, पाहुण्यांमध्ये बसावे लागले, आणि शेजारी पाहतो तो तात्या! कोरे धोतर, नवा फेटा, आणि मांडीवर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा भला मोठा पुडा. जावई बाकावरून उठला की तात्या ते पेढे सभागृहाला वाटणार होते.

नव्या वहाणा करकरल्या. सर्जेराव आला. मुकुंदाने मोठ्या मनाने शेजारच्याला ढकलून जागा केली. "ये सर्जेराव, तुला शेतकी खाते देतो."

सर्जेरावाने डावीकडे पाहिले. "आन् तिकडं कोन?"

"तिकडे कोणी कशाला? आता आपलेच सरकार आहे!"

"मग डाव कसा चालनार?" सर्जेराव म्हणाला, आणि जाऊन विरोधकांच्या पहिल्या बाकावर बसला. एकटाच.

तात्यांना हे उलगडायला थोडा वेळ लागला. त्यांनी मला कोपराने ढोसले. "ह्यो उठला खरा त्या बाकावरनं. पर आता कुटं बसला?"

"विरोधात," मी हळूच म्हणालो.

"कुनाच्या?"

मला सांगणे भाग होते. "आपल्या सरकारच्या."

तात्यांचा चेहरा पाहून मी पेढ्यांचा पुडा धरला, नाही तर तो सभापतींच्या डोक्यात बसला असता. "आरं, सायबाचं सरकार हुतं तवा त्याच्यात बसला," ते दातओठ खात म्हणाले, "आन् आपलं आलं तवा त्याच्या इरोधात! ह्याला माजी पोरगी?" ते काठीवर जोर देऊन उठू लागले. मी मनातल्या मनात सर्जेरावाच्या लग्नावर पाणी सोडले.

तेवढ्यात सर्जेराव उभा राहिला. त्याने कोटाची बटणे लावली. "सरकारला येक इचारायचंय," तो म्हणाला. "बेचाळीस साली कृष्णाकाठच्या येका शेतकऱ्याची बैलजोडी जप्तीत गेली. हरन्या आन् पाखऱ्या. त्याची भरपाई सरकार कशी करनार?"

तात्या अर्धवट उठले होते, ते तसेच थांबले.

मुकुंदाने मंत्र्यांकडे पाहिले. मंत्र्यांनी बिनखात्याच्या मंत्र्यांकडे पाहिले. मग मुकुंद छाती काढून म्हणाला, "जनतेच्या त्यागाची सरकारला पूर्ण जाणीव आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जानीव झाली," सर्जेराव म्हणाला. "बैलांचं काय?"

"योग्य वेळी योग्य तो विचार केला जाईल."

"कवा?"

मुकुंदाने चष्मा सावरला. चांगला मुलगा होता तो, पण सरकारात नवा होता. "संबंधितांनी," तो म्हणाला, "रीतसर अर्ज करावा."

टाळ्या वाजवायला वर गेलेले हात मधेच राहिले. आपण काय बोललो हे मुकुंदाला सगळ्यांत शेवटी कळले, आणि तो लाल झाला. मागच्या बाकावरून तात्यांचा आवाज आला. "आरं ए चष्म्या! तूच की रं त्याला शिव्या देत हुतास म्हनं! खुर्ची मिळाली न्हाई तवर अर्ज मागाय लागलास?"

सरांनी घंटा उचलली, पण वाजवली नाही. तात्या माझ्या हातातून पुडा घेऊन मधल्या वाटेने चालत गेले. सरळ डावीकडे वळले आणि सर्जेरावाच्या शेजारी बसले. पुडा दोघांच्या मधे ठेवून त्यांनी सुतळी सोडली. "खा," ते म्हणाले.

त्या दिवशी सरकारवरच्या अविश्वासाच्या ठरावाच्या बाजूने दोन हात वर झाले. त्यातला एक बेकायदेशीर होता, पण सरांनी तो मोजला. सरकार प्रचंड बहुमताने टिकले. पेढा मात्र एकाही मंत्र्याला मिळाला नाही.

पुढे सरांनी बैठक संपल्याची घंटा वाजवली, आणि सगळे मंत्रिमंडळ ताटे आणायला धावले. खिडक्या लावायचे काम उपमंत्र्यांकडे आले. मी खिडक्या लावत होतो तेव्हा ते दोघे अजून बाकावर बसलेले होते. तात्यांनी पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "बैल मिळत्याल का रं?"

"न्हाई मिळायचं, मामा. कवाच कुनाच्या तरी औताला लागलं असत्याल."

"ठावं हाय मला. मग इचारलंस कशाला?"

"कुनीतरी इचाराय पायजे हुतं."

तात्यांनी मान डोलावली. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ते समोर बघत राहिले. "आता माजा येक प्रश्न हाय. हिराला पान्याला किती लांब जावं लागंल?"

मी खिडकीची कडी हातात धरून उभा राहिलो. सर्जेराव उठला. त्याने कोटाची बटणे लावायला हात नेला, पण लावली नाहीत.

"लांब हाय, मामा. उनाळ्यात तर लयच लांब. खोटं सांगत न्हाई. पर निम्मं पानी मी आनीन."

"तू? डोक्यावर घागर घिऊन? आरं, मानसं हसत्याल."

"हसू द्यात. मला सवं झालीया."

तात्या हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिले नव्हते. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. "ऊठ," ते म्हणाले. "मुहूर्त बघाय पायजे."

लग्नाला आम्ही सगळे गेलो, मंत्रिमंडळासकट. पुढच्या वर्षी परीक्षा झाल्या, मंडळ पांगले, मी साताऱ्यात नोकरीला लागलो. सर्जेराव गावाकडे मास्तर झाल्याचे कळले, पण भेट झाली नाही. आणि मग एका उन्हाळ्यात कामासाठी मी सर्व्हिस मोटारीने माणात चाललो होतो. दुपार कलली होती, दोन्हीकडे उघडी राने, धुळीने मोटारीतली माणसे ओळखू येत नव्हती. एका गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने घागरी घेतलेल्या बायकांची रांग चालली होती, आणि त्या रांगेत सगळ्यांपेक्षा हातभर उंच, काळ्या कोटात, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर घेऊन सर्जेराव चालत होता. पारावर बसलेले लोक त्याच्याकडे बोट करून हसत होते. पुढच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तो मान ताठ ठेवून, अगदी गंभीरपणे पाऊल टाकत होता.

मला राहवले नाही. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडलो, "सरकार!"

डोक्यावर घागर असल्यामुळे त्याला वळता येईना. म्हणून त्याने धरलेलाच हात सोडून वर केला, आणि घागर कलंडली. पाणी त्याच्या डोक्यावरून, कोटावरून, वहाणांपर्यंत आले. त्याच्या पुढे चालणारी बाई थांबली. तीच हिरा असणार, कारण ती सगळ्यांसमोर त्याच्याकडे सरळ बघून खळखळून हसली. मोटार वळणाला लागली होती. मी मागे वळून पाहत राहिलो. तिने स्वतःची घागर खाली घेतली, त्याची रिकामी घागर उचलून शेजारी ठेवली, आणि आपल्यातले निम्मे पाणी तिच्यात ओतले.